रास मोजण्याआधी

प्रोफेसर गुंजीकर वर्गात आले की आधी फळ्यावर एक उभी आणि एक आडवी रेघ मारत, मग मधल्या मोकळ्या जागेत खडूचे ठिपके टाकत सुटत. ठिपके टाकून झाले की हात झटकून विचारत, "आता यांच्यामधून एक सरळ रेघ काढायची. कुठून काढाल?"

लहान मुलांना सांगावं तसं सांगायचं, तर गोष्ट अशी होती. समजा, शाळेतल्या प्रत्येक मुलाची उंची मोजली आणि तो किती भाकरी खातो तेही विचारून घेतलं. मग कागदावर प्रत्येक मुलाचा एक ठिपका दिला. उंच मुलं साधारणपणे जास्त खातात, म्हणून ठिपके डावीकडून उजवीकडे चढत गेलेले दिसतील. पण एखादा उंच मुलगा अर्ध्या भाकरीवर उठतो आणि एखादं बुटकं पोर ताटातली संपवून आईच्या ताटाकडे बघतं, म्हणून ठिपके एका रेषेत कधी बसत नाहीत. तरीही सगळ्या ठिपक्यांवर मिळून कमीत कमी अन्याय होईल अशी एकच रेघ असते, आणि ती गणिताने काढता येते. ती किती चढते त्यावरून सांगता येतं की, उंची एवढी वाढली तर भाकऱ्या सुमारे एवढ्या वाढतील. एवढंच. पण हे एवढंसं काढायला पानंच्या पानं गुणाकार करावे लागत, आणि ते बरोबर आले तरी गुंजीकर विचारत, "रेघ बरोबर आहे. पण मी तिच्यावर विश्वास का ठेवू?"

एम.ए.च्या अर्थशास्त्राच्या वर्गात या पेपरची धास्ती होती. पेपरच्या आधी प्रत्येकाने स्वतः एक तपास करायचा, म्हणजे कुठल्याही दोन गोष्टींचे आकडे गोळा करून त्यांच्यात खरंच काही नातं आहे का ते दाखवायचं. गुंजीकरांनी तपास स्वीकारला तर पेपरला बसायचं. नाही स्वीकारला तर वर्ष गेलं.

वाल्मिक घारेचं एक वर्ष असंच गेलं होतं. त्याचं गाव खालापूरच्या हद्दीत, कर्जतहून चौक गावाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत. वडील कोंडाजी भातशेती करत. घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला वाल्मिक पहिलाच. पहिल्या वर्षी त्याने छापील अहवालांतून साखरेचे भाव आणि साखरेचा खप उतरवून घेतला, सुबक अक्षरात कोष्टकं केली आणि तपास पुढे ठेवला. गुंजीकरांनी पानं उलटली.

"ही साखर कोणी मोजली?"

"अहवालात दिलंय, सर."

"ते वाचलं मी. कोणी मोजली? कुठे उभं राहून? गोणी फुटली तर त्यातली सांडलेली साखर खपली म्हणायची की नाही?"

वाल्मिकने काहीतरी उत्तर दिलं. मग आणखी काहीतरी दिलं. गुंजीकरांनी तपास परत केला.

घरी कळलं तेव्हा कोंडाजी रागावला नाही. गुडघ्याला तेल चोळत एवढंच म्हणाला, "अजून एक साल शिक. माझे गुडगे हायेत तवर हायेत. तेवड्यात नाय जमलं तर घरी ये. शेत काय कुनाची परीक्षा घेत नाय."

म्हणून या खेपेला, सन चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात, वाल्मिकने ठरवलं की आपल्या डोळ्यांसमोर मोजली जाते अशीच गोष्ट घ्यायची. त्याने राब घेतला.

राब म्हणजे काय, ते त्या भागातल्या माणसाला सांगावं लागत नाही, पण इतरांसाठी सांगतो. उन्हाळ्यात, भाताचं रोप करायच्या जागेवर आधी शेण पसरतात, त्यावर झाडांच्या तोडलेल्या फांद्या, त्यावर गवत आणि पाचोळा, वर मातीचा पातळ थर, आणि ते सगळं हळूहळू भाजून काढतात. त्या भाजलेल्या मातीत पेरलेलं बी जोमाने येतं. तोडलेल्या फांद्यांना कवळ म्हणतात. माघ-फाल्गुनात डोंगरावरच्या वाडीतली ठाकर जमातीची माणसं झाडांवर चढून कवळ तोडत आणि भारे बांधून खाली आणत. ज्याची ऐपत तो जास्त भारे घाले. ज्याची नाही तो घरच्या माणसांना घेऊन पाचोळा झाडून भागवी. सगळा खटाटोप म्हणजे फुकट लाकूड जाळणं, असं काही शहाणी माणसं म्हणत. मग राबाने भात खरंच वाढतं का, आणि किती, हा वाल्मिकचा तपास.

पौषात तो खळ्याखळ्यावर फिरला. आपलं गाव आणि शेजारची दोन गावं. लढाईचे दिवस होते, सरकारी लेव्हीचं भात घालावं लागे, त्यामुळे पिकाचं नाव काढलं की लोक जिभेला कुलूप घालत. पण वाल्मिक कोंडाजीचा मुलगा. त्याला कोणी हाकललं नाही.

धाकलू म्हात्र्याच्या खळ्यावर तो पोचला तेव्हा धाकलू मापाची पायली हातात घेऊन रास मोजायला बसतच होता.

"ये रं शायब," धाकलू म्हणाला. "मामलेदाराला सांगनार नसशील तर बस."

"मी प्रोफेसरला सांगणार आहे, काका."

"तो लेव्ही घेतो का?"

"नाय. वर्ष घेतो."

धाकलू खदखदून हसला, आणि मग एकदम गप्प होऊन मोजायला लागला, कारण रास मोजताना कोणी बोलत नाही. पहिल्या पायलीला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन. वाल्मिकनेही गप्प बसून सगळ्या पायल्या लिहून घेतल्या. असं प्रत्येक खळ्यावर. उन्हाळ्यात किती भारे राब घातला ते विचारायचं, शेत किती ते बघायचं, आणि भात स्वतःच्या डोळ्यांदेखत मोजून घ्यायचं. या खेपेला कोणी मोजलं, कुठे उभं राहून मोजलं, याचं उत्तर त्याच्याकडे होतं.

मुंबईत विभागाच्या खोलीत हाताने फिरवायचं एक आकडेमोडीचं यंत्र होतं. त्याचा दांडा फिरवण्यात मिस ताटकेचा हात कोणी धरू शकत नसे. ती गिरगावातली, वर्गातली एकुलती एक मुलगी, आणि गणितात सगळ्यांच्या पुढे. वाल्मिक आकडे वाचायचा, ती दांडा फिरवायची. शेवटचा भागाकार झाला आणि तिने चष्मा वर केला.

"घारे, तुमचा राब आळशी आहे."

"म्हणजे?"

"रेघ जवळजवळ आडवी आली. भारे वाढले तरी भात जागचं हलत नाही."

"पुन्हा फिरवा."

तिने पुन्हा फिरवलं. रेघ आडवीच राहिली.

वाल्मिकला वाईट वाटलं ते गुणांसाठी नव्हे. लहानपणापासून त्याने वडिलांना उन्हाळ्यात भाजलेल्या मातीत पायाचे तळवे पोळून घेताना पाहिलं होतं. ते सगळं फुकट, असं या कागदाचं म्हणणं होतं.

जिन्यात गुंजीकर भेटले. त्यांनी रेघ पाहिली.

"लेव्हीच्या भीतीने लोकांनी पीक कमी सांगितलं असेल."

"सांगितलं नाही, सर. मोजलं. मी तिथे बसलो होतो."

"मग रेघ खरी असेल." दोन पायऱ्या उतरून ते वळले. "आणि घारे, उत्तर आवडलं नाही म्हणून आकडे बदलणारा विद्यार्थी मला चालत नाही. ते आधीच सांगून ठेवतो."

शनिवारी वाल्मिक घरी गेला. रात्री जेवताना कोंडाजीने विचारलं, "काय निघालं रं तुज्या कागदातून?"

"राब जास्त घातला तरी भात काही वाढत नाय, असं निघतंय, आबा."

कोंडाजीने घास ताटात ठेवला. "कोन म्हनतो?"

"गणित म्हणतं."

"त्या गनिताला एकदा पावसाळ्यात हिकडं धाड. बिनराबाचं रोप उपटून बघ म्हनावं. हातात मूळ येतंय का नुसती पात येतीय ते सांग म्हनावं."

"जेवताना भांडू नका," अंबाबाई म्हणाली. ती वाल्मिकची आई. "आन् तू रं, दुनियेचं भात मोजत फिरलास. घरचं खळ्यावर तसंच पडलंय. उद्याच्याला त्ये मोज."

घरचं भात गरवं, म्हणजे उशिरा येणारं. त्याची झोडणी नुकतीच संपली होती. सकाळी वाल्मिक पायली घेऊन खळ्यावर जाऊन बसला. रास तयार होती. पण मोजणी सुरू होईना.

आधी कोंडाजीने देवाचं काढलं. मग न्हावी आला, सुतार आला, त्यांचं त्यांना दिलं. मग डोंगराच्या पायवाटेने वाडीतली माणसं उतरायला लागली. गेल्या उन्हाळ्यात ज्यांनी कवळ तोडला होता ती सगळी. कवळाची मजुरी तेव्हा मीठ-तंबाखूपुरती मिळे. खरं देणं असे ते पुढच्या खळ्यावर, भातात. पुढे आवडी होती, तिच्यामागे तिचा म्हातारा सासरा कमळ्या, आणि बाकीची. कोंडाजी सूप राशीत खुपसून भरी आणि टोपलीत ओती. पुन्हा भरी, पुन्हा ओती. मोजत कोणीच नव्हतं. कोणाच्या टोपलीत किती सुपं पडायची ते भाऱ्यांवरून दोघांनाही अंदाजाने ठाऊक असे, आणि कोंडाजी वर थोडं जास्तच सारी.

ऊन वर आलं. वाल्मिक कंटाळला. धाकलूकाकाकडे असं थांबावं लागलं नव्हतं, तो मनात म्हणाला. तिथे गेल्या गेल्या मोजणी सुरू झाली होती.

आणि तिथेच त्याचा कंटाळा उडाला.

धाकलूकडे थांबावं लागलं नव्हतं, कारण धाकलूच्या खळ्यावर कवळाचं घ्यायला येणारं कोणी नव्हतंच. त्याने राबच जेमतेम घातला होता, आणि तोही घरच्या माणसांनी. जिथे जिथे राब जास्त, तिथे तिथे वाल्मिक एक तर देणं आटोपल्यावर पोचायचा आणि आयती रास मोजायला मिळायची, किंवा आधी पोचला तर असाच ताटकळायचा. लाभ म्हटल्यापासून पुढचं भात त्याने लिहिलं होतं. लाभ म्हणण्याच्या आधी जे टोपल्यांतून गेलं, ते याच शेतात पिकलेलं असूनही त्याच्या कागदावर कधी आलंच नव्हतं.

मुंबईच्या कोणत्याही विद्यार्थ्याने इथे बसून पहिल्यांदा हेच विचारलं असतं की, हे भात कुठे चाललंय? वाल्मिकने आजवर विचारलं नव्हतं, कारण त्याला माहीत होतं. त्याच्या घरात रास मोजण्याआधी दिलेल्या भाताला पीक म्हणतच नसत. पीक म्हणजे मोजलेलं.

"आबा, थांबा!" तो उठला. "हे मोजून द्या."

कोंडाजीचं सूप हवेतच राहिलं. "काय म्हनलास?"

"सुपात किती जातं ते मला मोजू द्या."

"रास मोजायच्या आधी राशीला माप लावायचं? डोस्कं फिरलंय का तुजं?"

"तपासासाठी पाहिजे, आबा."

"तुज्या तपासाला जाळ. माप लावलं की माजा हात आखडंल. आन् ह्या लोकांना काय वाटंल?"

त्या लोकांना काय वाटलं ते आवडीने टोपली खाली ठेवून सांगितलं. "आज मोजून देशील. पुढल्या सालाला मोजून कमी देशील. आमी न्हाई घेत मोजून. चल, बाबा," ती सासऱ्याला म्हणाली.

"थांब गं," कोंडाजी म्हणाला. त्याने सूप खाली ठेवून मुलाकडे बघितलं. याचं वर्ष जाणार की राहणार, ते या टोपल्यांवर आहे एवढं त्याला कळलं असावं. "खळ्यावर माप लागनार नाय. ते माज्याच्यानं व्हायाचं नाय. पन खळ्याच्या भाईर गेलं का त्ये त्यांचं. मंग त्यांना इचार. त्यांनी मोजू दिलं तर मोज, नायतर ऱ्हाऊ दे."

म्हणून वाल्मिक पायली घेऊन शेताच्या शेवटच्या बांधावर, जिथून डोंगराची पायवाट सुरू होते, तिथे जाऊन उभा राहिला. टोपल्या आल्या. आवडी थांबली.

"मोजून कमी भरलं तर?"

"तर आबांकडून भरून घे. मी सांगतो त्यांना."

"पायली हलवायची न्हाई."

"नाय हलवत."

"दाबायची न्हाई."

"नाय गं."

कमळ्या म्हातारा बांधावर बसून घेत म्हणाला, "मुंबयला जाऊन ह्येच शिकला का ह्यो? दुसऱ्याची टोपली मोजायला?"

"मामलेदार व्हईल, बाबा," मागून कोणीतरी म्हणालं.

"मंग लेव्ही आपल्यालाच लावील पैली!"

वाल्मिकने पहिली पायली भरली आणि सवयीने म्हणाला, "लाभ."

"लाभ नको," आवडीने त्याला थांबवलं. "लाभ तुमच्या राशीचा. आमचं आपलं एक म्हण."

"एक," वाल्मिक म्हणाला, आणि मोजत गेला.

पुढचे काही दिवस तो गावातच राहिला. गरव्या भाताची आणखी काही खळी व्हायची होती, तिथेही तो बांधावर उभा राहिला. जी खळी पौषातच झाली होती, तिथे मोजायला काही उरलं नव्हतं. तिथे त्याने देणाऱ्याला वेगळं विचारलं आणि नेणाऱ्याला वेगळं. सुपं किती? दोघांचं जुळलं तर ठीक. नाही जुळलं तर दोन्ही लिहिलं. आवडीला तिने दुसऱ्या खळ्यांवरून किती नेलं ते विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "अर्धं खाल्लं. खाल्लेलं कोन ध्यानात ठेवतं?" वाल्मिकने तेही तसंच लिहिलं.

मुंबईत परतल्यावर मिस ताटकेने पुन्हा दांडा फिरवला. या वेळी रेघ चढली. फार नाही, पण स्पष्ट चढली.

"आता ऐका," ती म्हणाली. "पहिलीच रेघ द्या."

"का? ही जास्त खरी आहे."

"असेल. पण पहिलीतला भाताचा आकडान् आकडा तुम्ही डोळ्यांनी पाहिलाय. हिच्यात अर्धं सांगोवांगी. अमुक म्हणतो इतकी सुपं, तमकी म्हणते खाल्लं. गुंजीकर एवढंच म्हणतील, उत्तर आवडलं नाही म्हणून बदललंत. आणि ते खोटंही नाही. आवडलं नव्हतंच तुम्हाला."

"नव्हतं."

"मग? पेपरला बसायचंय ना?"

वाल्मिकने दोन्ही रेघांचे कागद घडी करून खिशात ठेवले. तिचं म्हणणं त्याने दोन दिवस मनात घोळवलं. त्यात त्याला चूक सापडली नाही, पण एक गोष्ट सापडली. दोन्ही रेघा खऱ्या होत्या. आडवी रेघ सांगत होती, शेतकऱ्याच्या घरात काय राहतं. चढती सांगत होती, शेतात काय पिकतं. दोन रेघांच्या मधली जागा म्हणजे टोपल्यांतून डोंगरावर गेलेलं भात. राबाने पीक वाढत होतं, पण वाढलेल्यातलं बरंचसं राब आणणाऱ्यांच्याच चुलीवर शिजत होतं. त्याने दोन्ही रेघा एकाच कागदावर काढल्या, कोणता आकडा पाहिलेला आणि कोणता विचारलेला तो वेगळा दाखवला, आणि तपास देऊन टाकला.

मार्चमध्ये गुंजीकरांनी त्याला बोलावलं. टेबलावर तपास उघडा होता.

"दोन रेघा का?"

वाल्मिकने सांगितलं. गुंजीकर डोळे मिटून ऐकत होते. खळं, सूप, टोपली, बांध. मग त्यांनी डोळे उघडले.

"आधी कोणती काढली होती?"

"आडवी, सर."

"ती आवडली नाही."

"नाही, सर."

"मग गावी जाऊन दुसरी घेऊन आलात."

"हो, सर."

"एक खरं सांगा. पहिलीच रेघ अशी चढती आली असती, तर खळ्यावर काय सुटलं ते शोधायला गेला असता?"

नेमकं या प्रश्नाला हो म्हटलं की बाहेर पडता येईल, असं वाल्मिकला क्षणभर वाटलं.

"नाही, सर. गेलो नसतो. खूश होऊन तीच दिली असती."

"हं." गुंजीकरांनी खुर्ची मागे टेकवली. "म्हणजे आडव्या रेघेची तुम्ही उलटतपासणी घेतली, आणि चढत्या रेघेला चहा पाजलात. आता तिचीही घ्या. इथेच. मी थांबतो."

वाल्मिकने कागद जवळ ओढला. ठिपक्यांकडे बघून काही सुचेना. मग त्याने ठिपके बघायचं सोडलं आणि ती शेतं आठवायला लागला. जास्त राब घालणाऱ्यांची एकेक करून. येसाजीचं ओढ्याच्या वळणावर. लडकूचं त्याच्या खाली. आपलं स्वतःचं ओढ्याला लागूनच. धाकलूकाकाचं मात्र वर, माळाच्या अंगाला.

"सर," तो सावकाश म्हणाला, "जास्त राब घालणारे बहुतेक ओढ्याकाठचे आहेत. बऱ्या स्थितीतले म्हणून त्यांना कवळ परवडतो. पण ओढ्याकाठी पाणीही शेवटपर्यंत टिकतं. त्यांचं भात राबाने वाढलं की पाण्याने, ते माझ्या रेघेला सांगता येत नाही."

"मग तुमची चढती रेघ?"

"असायला हवी त्यापेक्षा जास्त चढलेली असेल, बहुतेक."

"किती जास्त?"

"माहीत नाही, सर."

"कळणार कसं?"

"एकाच खाचरात अर्धं रोप राबाचं आणि अर्धं बिनराबाचं लावलं तर. माती तीच, पाणी तेच."

"वडील देतील?"

"मागून बघतो. आधी शिव्या देतील."

गुंजीकर हसले. वर्गात त्यांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं. त्यांनी तपासावर सही केली आणि कागद पुढे सरकवला. "पेपरला बसा."

वाल्मिकला उठायचं सुचेना. "सर, मी माहीत नाही म्हणालो."

"गेल्या वर्षी तुम्हाला सगळं माहीत होतं," गुंजीकर म्हणाले, आणि पुढचा तपास ओढला.

पेपर कठीण गेला, पण गेला. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्याला आलं आणि मधल्या एकाचं आलं नाही. बाहेर मिस ताटकेने विचारलं, तेव्हा त्याने तसंच सांगितलं. ती म्हणाली, "मधला मलाही नाही आला. पण हे बाहेर सांगू नका."

घरी गेला तेव्हा राबाचे दिवस होते. रोपाच्या जागेवर शेण पसरून झालं होतं, कवळाचे भारे रचून ठेवले होते. कोंडाजी वाकून फांद्या सारख्या करत होता. त्याने वर न बघता विचारलं, "बसू दिलं का परीक्षेला?"

"दिलं."

"मंग? राबाचं काय ठरलं?"

वाल्मिकने बाजूला बसून त्याला सगळं सांगितलं. दोन रेघा, टोपल्या, आणि शेवटी ओढ्याचं पाणी. शेतात पिकलेलं आणि घरात राहिलेलं वेगळं कसं, ते सांगताना त्याने मातीत बोटाने दोन रेघा काढल्या. कोंडाजीने त्या बघितल्या.

"म्हंजे ह्या मधलं आवडीकडं गेलं."

"हो."

"मंग जाईल नाय तर काय. झाडावर कोन चढलं?" त्याने एक फांदी उचलून जागेवर नीट ठेवली. "आन् पान्याचं काय म्हनतोस? माजं भात पान्यानं येतं, राबानं नाय?"

"ते अजून माहीत नाय. म्हणून एक मागायचं होतं, आबा. थोडी जागा न भाजता सोडा. दोन वाफे. त्याचं रोप वेगळं ठेवू, त्याच खाचरात अर्ध्यात लावू."

शिव्या आल्या, अपेक्षेपेक्षा थोड्या. मग कोंडाजीने रोपाच्या जागेच्या कडेने एक फेरी मारली.

"दोन नाय. एक. त्यो कोपऱ्यातला. आन् रोप पिवळं पडलं, तर आईला सांगायचं, बी खराब होतं. राब नाय घातला म्हनायचं नाय."

"नाय म्हणत."

"भात येगळं झोडायला लागंल."

"मी येतो झोडायला."

"आन् मोजनार कदी? रास मोजायच्या आधी टोपल्यांना माप नाय हां."

"आबा, मोजलं नाही तर कळणार कसं?"

कोंडाजीने मान वर करून वारा कुठून येतो ते बघितलं. "बांधावर उभा ऱ्हा," तो म्हणाला, "मागल्या खेपेवानी."

वाल्मिक उठला, कोपऱ्यातल्या वाफ्यावर पडलेल्या फांद्या एकेक करून उचलून बाजूला केल्या, आणि भाजताना धग तिकडे सरकू नये म्हणून कडेने मातीचा वरंबा ओढायला लागला.